छोट्या जातीचं कुत्रं निवडताना आकार कसा ठरवायचा: आधी किलो, मग जात, शेवटी पिल्लू

"वन बीएचके आहे, छोटंसं कुत्रं बघतोय." पुण्यात बहुतेकांची तयारी एवढ्यावरच थांबते. मग एखाद्या रविवारी पिल्लं बघायला जातात, तळहातावर मावणारं एक उचलून घरी आणतात आणि सहा-आठ महिन्यांनी दोनपैकी एक तक्रार सुरू होते. एक तर "सांगितलं होतं चार किलो, हे दहावर गेलं", नाहीतर "हे इतकं नाजूक आहे की सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला". दोन्ही ठिकाणी चूक एकच झालेली असते: पिल्लू आधी निवडलं आणि त्याच्या मोठेपणीच्या आकाराचा विचार नंतर केला.

योग्य क्रम याच्या बरोबर उलटा आहे. घराची मापं, त्यावरून मोठ्या कुत्र्याचं वजन, त्या वजनात बसणारी जात, त्या जातीतले ठरावीक आई-बाप आणि सगळ्यात शेवटी पिल्लू. तिसऱ्या टप्प्याच्या आत एकही पिल्लू बघायला जाऊ नका. बघितलं की निर्णय झालाच म्हणून समजा.

## टप्पा १: घर मोजा

चौरस फूट इथे फारसे कामाचे नाहीत. सहाशे चौरस फुटांत बीगल आनंदाने राहतो आणि बाराशे चौरस फुटांत पॉमेरेनियन जखमी होतो. मोजायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

जिना. पेठांमधल्या जुन्या इमारतींत आणि कर्वेनगर-कोथरूडच्या तीन मजली सोसायट्यांत अजूनही लिफ्ट नसते. कुत्रं आजारी पडलं, म्हातारं झालं किंवा पायाला लागलं की त्याला उचलूनच न्यावं लागतं. चाचणी सोपी आहे. ५ किलो आट्याची पिशवी एका हाताने छातीशी धरा, दुसऱ्या हातात पट्टा आहे असं समजा आणि खालपासून घरापर्यंत चढा. मग हेच १० किलोच्या तांदळाच्या पोत्यासह करा. घरातल्या सगळ्यात धडधाकट माणसाने हे करून काही कळत नाही. दुपारी घरात जो एकटा असतो, बहुधा आजी किंवा आजोबा, त्यांना किती झेपतं तो आकडा खरा. त्यांना प्रत्यक्ष वजन उचलायला लावू नका, विचारा. ते बरोबर सांगतात.

गॅलरीचं रेलिंग. दोन गजांमधल्या फटीतून तुमची मूठ आत जात असेल, तर छोट्या जातीचं पिल्लूही जाऊ शकतं. फट खाली, जमिनीलगतही बघा. जाळी लावायची ठरवलीत तर ती पिल्लू येण्याआधी लावा.

सोफा आणि पलंगाची उंची. टेपने मोजा. साधारण सोफा ४५ सेंटिमीटरचा, गादीसकट पलंग ५० ते ६०. खांद्यापर्यंत २० सेंटिमीटर उंच असलेल्या कुत्र्यासाठी ही स्वतःच्या सव्वादोन ते तीन पट उंचीवरून उडी होते. तीन किलोच्या आतल्या जातींत पुढच्या पायाची हाडं याच उडीत मोडतात, कारण ती काडीसारखी बारीक असतात.

फरशी. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर छोट्या कुत्र्यांचे मागचे पाय फाकतात. गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास छोट्या जातींत मुळातच जास्त, त्यात घसरणं भर घालतं. रोजच्या वाटेवर रबरी पाठीची पायपुसणी किंवा सतरंजी टाकता येईल का ते आत्ताच बघा.

एकटेपणाचे तास. हिंजवडी किंवा खराडीला नोकरी असेल तर जाण्यायेण्याचा वेळ धरून मोजा. मोठं झालेलं छोटं कुत्रं सहा तास लघवी रोखू शकतं, त्यापुढे त्याच्यावर अन्याय होतो. पिल्लाचा हिशोब वयाचे महिने अधिक एक, इतके तास. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला जास्तीत जास्त तीन.

> तपासा: भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी लेखी घ्या. सोसायटीत कुणी "छोटं चालेल, मोठं नाही" म्हणालं म्हणून मात्र आकार ठरवू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही.

## टप्पा २: किलोचा गट ठरवा

'छोटी जात' म्हणताना लोक दीड किलोपासून चौदा किलोपर्यंतची सगळी कुत्री एकाच टोपलीत टाकतात. त्यांचे तीन गट करा. निम्मा गोंधळ इथेच मिटतो.

३ किलोपर्यंत. चिवावा, खरा पॉमेरेनियन, यॉर्कशायर टेरियर, माल्टीज. उचलायला सोपी, पिशवीतून रिक्षाने नेता येतात, खाणं थोडं. पण हीच सगळ्यात सोपी कुत्री असतात हा समज सगळ्यात महागात पडतो. गल्लीतल्या एका भटक्या कुत्र्याचा एक चावा यांच्या जिवावर बेततो. पिल्लांची साखर चार-सहा तासांच्या उपासाने खाली जाऊ शकते. गोचीड मारण्याच्या अनेक गोळ्या २ किलोच्या खालच्या कुत्र्याला देता येत नाहीत, आणि पावसाळ्यानंतरच्या पुण्यात गोचिडांशिवाय एखादं वर्ष निघालं असं सहसा होत नाही. दात दाटीने येतात, लवकर किडतात. घरात पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर हा गट सरळ सोडून द्या. मूल वाईट नसतं. ते कुत्र्याला प्रेमाने उचलतं आणि हातातून सोडतं.

४ ते ८ किलो. शिह त्झू, ल्हासा अप्सो, पग, छोटा इंडियन स्पिट्झ, मिनिएचर पिंशर, मिनिएचर डॅक्सहुंड. लिफ्ट असो वा नसो, आजी-आजोबा असोत वा शाळकरी मुलं, पुण्यातल्या फ्लॅटला बहुतेक वेळा हाच गट बरा पडतो असं आमचं स्पष्ट मत आहे. एका हाताने उचलता येतं आणि खेळताना धक्का लागला तर सहसा हाड मोडत नाही.

९ ते १४ किलो. बीगल, फ्रेंच बुलडॉग, स्टँडर्ड डॅक्सहुंड, कॉकर स्पॅनियल. अंगात ताकद असते, मुलांशी जमतं. पण बीगलला रोज तासभर तरी नीट चालणं-धावणं लागतं, आणि ते मिळालं नाही की तो लांब सूर काढून ओरडतो. तो आवाज तीन मजले ऐकू जातो. पट्ट्याला ओढणाऱ्या बारा किलोच्या कुत्र्याला सत्तरीतली व्यक्ती ओल्या रस्त्यावर सांभाळू शकत नाही. सकाळचं फिरवणं कुणाकडे आहे ते नाव घेऊन ठरवा.

गावठी कुत्रं यात का नाही, असा प्रश्न येईल. मोठं झाल्यावर ते साधारण १५ ते २० किलोच्या आसपास जातं, म्हणून ते या मापात बसत नाही, एवढंच. जिना आणि फिरवणं झेपणार असेल तर इथल्या हवेला त्याच्याइतकं सोसणारं दुसरं कुत्रं नाही.

आता कागदावर एक ओळ लिहा: "मोठेपणी __ ते __ किलो". ती ओळ घरातल्या सगळ्यांना मान्य असल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: गटातली जात, आणि बाजारातली नावं

वजन सारखं असलं तरी शरीराची ठेवण वेगळी असते, म्हणून इथे तीन चाळण्या लावा.

पहिली चाळणी उन्हाची. मार्च ते मे या काळात पुण्याची दुपार चाळिशीला टेकते. पग, शिह त्झू, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या जाती धापा टाकून अंग थंड करण्यात कमी पडतात आणि त्यांना उष्माघात लवकर होतो. घर वरच्या मजल्यावर, पश्चिमेला भिंत आणि दुपारी पंखा-कूलर लावायला कुणी नाही, अशी स्थिती असेल तर चपटं नाक नको. शिवाय बुटक्या कुत्र्याचं पोट रस्त्यापासून वीतभर अंतरावर असतं, त्याला डांबराची धग माणसापेक्षा कितीतरी जास्त लागते. हाताची उलटी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावर चालवू नये.

दुसरी जिन्याची. डॅक्सहुंड लांब पाठीचा, आखूड पायांचा. वजन तुमच्या गटात बसलं तरी रोज तीन मजले चढ-उतार त्याच्या मणक्याला मानवत नाही. लिफ्ट नसेल तर तो यादीतून काढा, किंवा त्याला दर वेळी उचलून न्यायची तयारी ठेवा.

तिसरी केसांची. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज यांचे केस जून ते सप्टेंबर रोज पुसून, वाळवून विंचरावे लागतात. ओलसर राहिले की गाठी होतात आणि खाली कातडी खराब होते. केस आखूड कापून घेतले तर काम निम्मं होतं. दिसण्यासाठी लांब ठेवायचे असतील तर दिवसाचे वीस मिनिटं बाजूला काढा.

आता नावांबद्दल. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्याला 'पामेरियन' म्हणत आले तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. लहान प्रकारचा ५ ते ७ किलो, मोठा १२ ते २० किलो. खरा पॉमेरेनियन दीड ते सव्वातीन किलोचा. दोन महिन्यांचे असताना दोघंही पांढऱ्या कापसाचे गोळे दिसतात. 'कल्चर पॉम', 'मिनी पॉम', 'टॉय पॉम' ही विक्रेत्यांची नावं आहेत, त्यांवरून वजन कळत नाही. 'टीकप' आणि 'पॉकेट' तर कोणत्याही मान्यताप्राप्त केनल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) जातवर्णनात नाहीत. टीकप म्हणून विकलं जाणारं पिल्लू एक तर जन्मतः अशक्त असतं, नाहीतर वेळेआधी आईपासून तोडलेलं, नाहीतर लहान दिसावं म्हणून कमी खायला घातलेलं.

> इशारा: "हे मोठं होतच नाही" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. तंदुरुस्त पिल्लू मोठं होतंच.

## टप्पा ४: आई-बापांना काट्यावर उभं करा

जातीच्या वर्णनातले आकडे सरासरी असतात. तुमच्या पिल्लाचं वजन त्याच्या आई-बापांवर जातं. म्हणून पिल्लं बघायला मागण्याआधी आई बघायला मागा.

बरोबर साधा डिजिटल वजनकाटा न्या. तुम्ही एकटे उभे राहा, आकडा लिहा, मग कुत्रं घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. लहान पिल्लासाठी स्वयंपाकघरातला ५ किलोचा काटा आणि वर एक टोपली. काटा बघून विक्रेता नाराज झाला तर तेही एक उत्तरच आहे.

नुकतीच व्यायलेली मादी दूध पाजून वाळलेली असते, तिचं गाभण राहण्याआधीचं वजन विचारा. नर बऱ्याचदा दुसऱ्याकडचा असतो. मग काट्यावर उभ्या असलेल्या नराचा व्हिडिओ आणि त्याच्या मालकाशी फोनवर बोलणं, हे दोन्ही मागा. नर पिल्लं सहसा मादी पिल्लांपेक्षा थोडी जड होतात. आई ५ आणि बाप ९ किलोचा असेल तर "सगळी पिल्लं पाचचीच होतील" यावर विश्वास ठेवू नका.

कागदपत्रंही याच भेटीत बघा. श्वान प्रजनन आणि विक्रीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. केनल क्लब ऑफ इंडियाची नोंद असेल तर आई-बाप दोघांची नावं कागदावर असतात. पण तो कागद वंशाचा आहे. वजनाची हमी त्यात नसते.

आई दाखवायलाच नकार मिळाला तर पिल्लू घेऊ नका. रस्त्याच्या कडेला, गाडीच्या डिकीत किंवा "अर्ध्या वाटेत भेटू" म्हणून आणून दिलेलं पिल्लूही नाही. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार अशाच पिल्लांबरोबर घरात येतो.

आणि एक सोपा मार्ग, ज्याचा विचार फार कमी लोक करतात: दीड-दोन वर्षांचं, पूर्ण वाढलेलं कुत्रं दत्तक घ्या. पुण्यातल्या निवाऱ्यांकडे आणि घर बदलणाऱ्या कुटुंबांकडे शिह त्झू, पग, बीगल नेहमी येत असतात. त्यांचं वजन आज काट्यावर दिसतं, स्वभाव दिसतो. पुढचा टप्पा मग वाचायचीही गरज नाही.

## टप्पा ५: पिल्लाचं मोठेपणीचं वजन काढा

छोट्या जाती लवकर वाढतात आणि लवकर थांबतात, साधारण आठ ते दहा महिन्यांत. म्हणून मोठ्या कुत्र्यांचं गणित त्यांना लावलं की उत्तर चुकतं. 'वजन भागिले आठवडे, गुणिले ५२' हे सूत्र सगळीकडे फिरतं. त्याने बारा आठवड्यांचं १.१ किलोचं पिल्लू ४.८ किलोचं होईल असं येतं. प्रत्यक्षात ते सव्वादोनच्या आसपास थांबतं.

असं मोजा:

- मोठेपणी ४ किलोच्या आत राहणाऱ्या जाती: १२ आठवड्यांचं वजन गुणिले २.
- मोठेपणी ५ ते १० किलोच्या जाती: १६ आठवड्यांचं वजन गुणिले २. म्हणजे चार महिन्यांचा शिह त्झू ३.२ किलोचा असेल तर साधारण ६.४.
- आलेलं उत्तर आई-बापांच्या वजनाशी ताडून बघा. दोन्हींत मोठी तफावत असेल तर सांगितलेलं वय खोटं असण्याची शक्यता जास्त.

सगळं गणित वयावर उभं आहे आणि वयाबाबतच सर्रास खोटं बोललं जातं. समजा १.१ किलोचं पिल्लू बारा आठवड्यांचं म्हणून सांगितलं, पण ते आठच आठवड्यांचं आहे. मग ते सव्वादोनवर न थांबता बरंच पुढे जाईल. वय दातांवरून पडताळा. दुधाचे २८ दात साधारण आठ आठवड्यांपर्यंत येतात, अगदी छोट्या जातींत थोडे उशिरा. दाढांच्या जागी नुसत्या हिरड्या असतील तर पिल्लू विकण्याच्या वयाचंच नाही. पुढचे दात पडून रुंद, मोठे दात येऊ लागले असतील तर ते तीन-चार महिन्यांच्या पुढचं आहे. स्वतःला जमत नसेल तर पैसे देण्याआधी पशुवैद्यांकडून बघून घ्या.

> नेहमीची चूक: वेतातलं सगळ्यात लहान पिल्लू "छोटंच राहील" म्हणून निवडणं. निरोगी असेल तर ते काही महिन्यांत भावंडांना गाठतं. गाठत नसेल तर त्यामागे आजार असू शकतो. पंजे मोठे म्हणजे कुत्रं मोठं, हा ठोकताळाही छोट्या जातींत भरवशाचा नाही.

## टप्पा ६: पिल्लू हातात घेतल्यावर

डोक्यावर टाळू चाचपून बघा. बाळासारखी मऊ, खोलगट टाळू तीन महिन्यांनंतरही मोठी लागत असेल तर ते पिल्लू डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. बरगड्या हाताला लागाव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं असेल तर जंत. चालवून बघा: मधूनच मागचा एक पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत असेल तर गुडघ्याची वाटी सरकत असावी. चपट्या नाकाच्या पिल्लाला पाच मिनिटं खेळवा आणि कान देऊन ऐका. घोरल्यासारखा आवाज शांत बसल्यावरही चालू राहिला तर नको.

## टप्पा ७: सामान आकाराप्रमाणे

छातीचा घेर पुढच्या पायांच्या मागे मोजा. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) त्या मापाचा, आत दोन बोटं सहज जातील असा. दहा किलोच्या आतल्या कुत्र्याला गळ्यातल्या पट्ट्याने ओढू नका, छोट्या जातींची श्वासनलिका दबते. गळ्यात फक्त नाव-फोन नंबरचा बिल्ला. प्रवासाच्या पिशवीत कुत्र्याला उभं राहून पूर्ण वळता यायला हवं. तिचं माप पिल्लावरून घेऊ नका, टप्पा ५ मधल्या उत्तरावरून घ्या. विमानाने न्यायचं असेल तर केबिनची मर्यादा साधारणपणे कुत्रं अधिक पिशवी अशी एकत्र धरतात, म्हणून पिशवीही काट्यावर ठेवा.

खाण्याचं प्रमाण लोकांना सगळ्यात जास्त चकवतं. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण इतकं लागतं:

- ३ किलो: २५५ कॅलरी, म्हणजे कोरडं खाद्य ७० ग्रॅमच्या आसपास
- ६ किलो: ४३० कॅलरी, साधारण ११५ ग्रॅम
- १० किलो: ६३० कॅलरी, साधारण १७० ग्रॅम

एका तेल लावलेल्या पोळीत शंभरेक कॅलरी असतात. तीन किलोच्या कुत्र्याने ती खाल्ली म्हणजे दिवसाच्या चाळीस टक्के खाणं झालं. चार ग्लुकोज बिस्किटं म्हणजे पुन्हा तेवढंच. "एवढंसं तर दिलं" म्हणत दिलेल्या तुकड्यांनी सहा किलोचा पग वर्षभरात नऊ किलोचा होतो, आणि मग ठरवलेल्या गटाला काही अर्थ उरत नाही.

> इशारा: कुत्रं जितकं लहान तितकी विषाची मात्रा लहान. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे, कांदा-लसणाची आमटी, चॉकलेट आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तीन किलोच्या कुत्र्याच्या तोंडाला लागूच नयेत. खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा.

## टप्पा ८: पहिले सहा महिने, दर रविवारी वजन

फ्रिजवर तक्ता लावा: तारीख, वजन. वजन दर आठवड्याला थोडं वाढायला हवं. तीन किलोच्या गटातल्या पिल्लाचं एकदाही घटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. पिल्लू सुस्त झालं, लटपटू लागलं किंवा थरथरू लागलं तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि तसंच डॉक्टरांकडे निघा. तीन महिने होईपर्यंत या गटाला दिवसातून चार वेळा खाणं, रात्रीचं शेवटचं उशिरा.

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतं, सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस, रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. डोस पूर्ण होईपर्यंत सोसायटीच्या आवारातल्या मातीवर उतरवू नका. बाहेरचे आवाज, गाड्या, ढोलताशे यांची सवय कडेवर घेऊन लावा, तेही लांबून. रेबीजचं प्रमाणपत्र हातात आलं की महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना काढा, तो दर वर्षी नूतनीकरण करावा लागतो.

सहाव्या-सातव्या महिन्यात तोंड उघडून बघा. दुधाचा सुळा आणि पक्का सुळा शेजारी शेजारी उभे दिसले तर दुधाचा काढून घ्यावा लागतो. नसबंदीच्याच भुलीत तो काढता येतो का, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. दहाव्या महिन्यानंतर वजन महिन्यातून एकदा केलं तरी पुरतं. त्यानंतर काट्यावर वाढलेला आकडा बहुधा चरबीचा असतो, तेव्हा वाटीतलं खाणं पुन्हा ग्रॅममध्ये मोजायला घ्या.